बसू नये म्हणून

आमच्या मजल्यावरचे अण्णा परब दर मंगळवारी सकाळी रिकामा मिक्सर फिरवतात. रिकामा म्हणजे कोरडा ठणठणीत. आत वाटण नाही, चटणी नाही, काही नाही. माळ्यावरून खोकं उतरवायचं, भांडं बसवायचं, बटण आधी एकवर, मग दोनवर, मग तीनवर न्यायचं आणि डॉक्टरांनी छाती तपासावी तसा चेहरा करून ऐकत राहायचं. मग म्हणायचं, "ठीक आहे." की मिक्सर परत खोक्यात आणि खोकं माळ्यावर. रोजच्या वापराचा मिक्सर वेगळा आहे. हा जादाचा, लेकाच्या लग्नात आलेला.

मुलुंडच्या या बिल्डिंगमध्ये नवी राहायला आले तेव्हा मी भाबडेपणाने विचारलं होतं, "अण्णा, वापरत नाही तर फिरवता कशाला?"

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी 'जेवता कशाला' असं विचारलं होतं. म्हणाले, "बसू नये म्हणून."

अण्णांचा एकूण धर्मच हा. मशीन झिजून मरत नाही, पडून राहून मरतं. त्यामुळे त्या घरात कुठलीच वस्तू सुखाने निवृत्त होऊ शकत नाही. परबकाकूंचं शिलाई मशीन सोमवारी धाग्याशिवाय चालतं. बुधवारी टेपरेकॉर्डर, आधी पुढे, मग मागे, कॅसेट नसतेच. घरचा फोन कापून जमाना झाला, पण गुरुवारी अण्णा त्याची तबकडी शून्यापासून नऊपर्यंत फिरवतात. शुक्रवारी छत्र्या उघडतात, त्याही भर उन्हाळ्यात. स्कूटरचे कागद केव्हाच संपले, म्हणून ती शनिवारी पार्किंगमध्येच स्टँडवर उभी राहून धुराचे लोट काढते. सेक्रेटरींनी एकदा तक्रार केली, तर अण्णा त्यांनाच म्हणाले, "तुम्ही पण जरा चालत जा हो सकाळचे. गुडघे बसतील."

"घरात एकच मशीन असं आहे," अण्णा पाहुण्यांना सांगतात, "जे मला चालू करायला लागत नाही." आणि काकूंकडे बघतात.

काकूही काही कमी नाहीत. "बंद करायचं बटण मात्र अजून सापडलं नाही यांना," त्या आतून ओरडतात.

अण्णांची उभी नोकरी एका पंपांच्या कारखान्यात मेंटेनन्सला गेली. त्यामुळे हे वेड तिथलंच असणार, असं मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. माझं बरंच ज्ञान असंच ठरवून टाकलेलं असतं. उदाहरणार्थ, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी एकदा नुसतं "राउटर बंद करून चालू करून बघा" असं म्हणाले आणि योगायोगाने इंटरनेट आलं. तेव्हापासून अख्खी बिल्डिंग मला इंजिनिअर समजते. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. पण कुणी इंजिनिअर म्हटलं तर आपण कशाला नाही म्हणायचं?

तर एका रविवारी दुपारी माझ्या ताटात तळलेले बोंबील पडले, आणि दारात अण्णा.

"नीता, अगो, येतेस काय जरा? पेटी कनेक्ट होत नाही."

पेटी म्हणजे गेमचा कन्सोल. अण्णांचा मुलगा जर्मनीला गेला तेव्हा मागे राहिला. हिची पाळी रविवारी चार वाजता. इतर मशिनं अण्णा पाच मिनिटं फिरवून ठेवून देतात. ही मात्र तासभर चालते. सत्तरीकडे झुकलेले अण्णा बनियनवर सोफ्यात बसून, ऑनलाइन, समोरच्या कुणाशी तरी फुटबॉलची मॅच खेळतात. नाव मुलाने ठेवलेलंच अजून आहे: 'मुलुंड मॉन्स्टर'.

"उद्या बघू ना अण्णा. जेवते आहे."

"मागचा रविवार पण गेला. आज पण गेला तर त्याला वाटेल की..."

"कोणाला वाटेल?"

"पेटीला," अण्णा म्हणाले.

मी बोंबलांवर झाकण ठेवलं आणि गेले.

पडद्यावर लिहिलं होतं, नॅट टाइप: स्ट्रिक्ट. "स्ट्रिक्ट म्हणजे कडक," अण्णा म्हणाले. "कोण कडक? मी तर काय बोललो पण नाही." दोन आठवड्यांपूर्वी बिल्डिंगमध्ये नवीन इंटरनेट आलं, कंपनीच्या माणसाने नवा राउटर बसवला आणि तेव्हापासून पेटी एकटी खेळायला तयार होती, दुसऱ्या कुणाला भेटायला नाही.

मी मोबाइलवर तीन व्हिडिओ बघितले आणि चौथ्यापासून बोलायला लागले. "हे बघा अण्णा, राउटर म्हणजे गेटवरचा वॉचमन. आतून बाहेर जाणाऱ्याला तो अडवत नाही. पण बाहेरून कुणी आलं तर विचारतो, कोणाकडे? त्याला आपण आधीच सांगून ठेवायचं, की अमुक नंबरच्या दारावर आमचं माणूस येणार आहे, त्याला सोड."

"एवढंच ना? मग सांग की."

सांगण्यासाठी आधी पासवर्ड हवा. तो राउटरच्या पोटाखाली, मुंगीने लिहावा तशा अक्षरात. अण्णांनी राउटर बाळाला पालथं धरतात तसा धरला, काकूंनी चष्मा लावून वाचलं.

"के. मोठा की छोटा, कळत नाही बाई."

"के मोठा काय, छोटा काय, सारखाच दिसतो गो! शेजारी काय आहे ते बघ!"

"शेजारी सात आहे. सात पण मोठा की छोटा?"

पाचव्या प्रयत्नाला आम्ही आत शिरलो. मी पेटीला कायमचा पत्ता नेमून दिला, म्हणजे वॉचमन दर वेळी पाहुण्याला भलत्याच फ्लॅटवर पाठवणार नाही. यूपीएनपी नावाचं एक बटण चालू केलं, म्हणजे पेटीने आपली दारं आपणच मागून घ्यावीत. तरी स्ट्रिक्ट. मग गेमचे सगळे पोर्ट नंबर, म्हणजे दारांचे नंबर, हाताने टाकले. स्ट्रिक्ट. शेवटी माझी एकमेव खरी विद्या वापरली: बंद करून चालू केलं. स्ट्रिक्ट!

तीन वाजून गेले होते. अण्णा घड्याळाकडे बघत नव्हते, म्हणजे मुद्दाम बघत नव्हते.

मी पेटीची वायर हाताने पकडली आणि तिच्या मागोमाग निघाले. माझं वजन आणि टीव्हीच्या कपाटामागची जागा यांचं काही जमत नाही, तरी अर्धी आत शिरले. तिथे, क्रोशाच्या रुमालाखाली, काहीतरी हिरवं लुकलुकत होतं. मी रुमाल उचलला. जुना राउटर! नव्या राउटरची वायर त्याच्या पोटात शिरत होती आणि त्याच्यातून निघून पेटीकडे जात होती.

"अण्णा, हा जिवंत कसा?"

"तो कंपनीचा पोरगा काढून टाक म्हणाला. मी म्हटलं, मध्ये जोडून ठेवू."

"कशाला?"

काकू आणि मी एकदमच म्हणालो, "बसू नये म्हणून!"

म्हणजे गेटवर दोन वॉचमन. मी दुपारभर बाहेरच्याला पढवत होते, आणि आतल्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तो इमानाने प्रत्येकाला परत पाठवत होता. इंटरनेटच्या भाषेत याला डबल नॅट म्हणतात. आमच्याकडे याला अण्णा परब म्हणतात.

"काढा याला."

अण्णांनी जुना राउटर मांडीवर घेतला. "चालतोय गो बिचारा. त्याची काय चूक?"

"आठवड्यातून एकदा लावा ना त्याला. गुरुवारी."

"गुरुवारी फोन."

"मग बुधवारी."

"टेप."

अखेर शुक्रवारी, छत्र्यांनंतर, यावर तह झाला. अण्णांनी स्वतः जुन्याची वायर काढली आणि पेटी थेट नव्याला जोडली. सगळं पुन्हा चालू होईपर्यंत मी सहज म्हटलं, "जर्मनीतला हिशेब बरा आहे. आपले चार म्हणजे तिकडे साडेअकरा-साडेबारा. लेक भेटतो म्हणायचा दर रविवारी!"

अण्णा वायर गुंडाळण्यात फार गुंतले. काकूंनी माझ्या दंडाला धरून मला चहाच्या निमित्ताने आत नेलं.

"लेक कसला," त्या गॅस पेटवत म्हणाल्या. "लेकाला फोन करायला वेळ नाही. हे बाळाभावजी आहेत. कांजूरचे."

अण्णांना धाकटा भाऊ आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मुलुंड ते कांजूरमार्ग म्हणजे आपण कोथिंबीर घ्यायला जाऊ इतकं अंतर. आणि दोघं कितीतरी वर्षं बोललेले नाहीत.

कारण एक लेथ मशीन, लोखंड कातायचं. गिरणी बंद पडल्यावर काकूंच्या सासऱ्यांनी साकीनाक्याला एक गाळा घेतला आणि त्या एका लेथवर दोन्ही पोरांना मार्गी लावलं. ते गेले आणि गाळ्याला कुलूप लागलं. वर्षभराने बाळाने कुलूप उघडलं, लेथ पार गंजून जाम झालेलं, त्याने ते न विचारता भंगारात दिलं. अण्णा चार माणसांत त्याला म्हणाले, "बापाशीक इकलंस तू." म्हणजे बापालाच विकलंस.

"आणि भावजी काय म्हणाले?"

"ते म्हणाले, 'बसला होता ता. तू किती वेळा इलंस फिरवूक?'" काकूंनी साखर घातली. "हे फिरवायला गेलेच नव्हते. घरी आले, हातपाय धुतले नाहीत, जेवले नाहीत. माझं शिलाई मशीन काढलं आणि चालवत बसले."

चहा उकळला. मी बाहेर आले तेव्हा पडद्यावर लिहिलं होतं, नॅट टाइप: ओपन. अण्णांचा चेहरा मंगळवारच्या मिक्सरचा होता. "ठीक आहे," ते म्हणाले.

चार वाजले. नंतर चार वाजून काही मिनिटं झाली. मग एका नावासमोर हिरवा ठिपका आला. 'कांजूर किंग'.

"हे नाव तर कुठल्या पोराचं वाटतं," मी म्हणाले.

"नाव पुतण्याचंच आहे. आमच्या पोराबरोबर खेळायचा, आता बोटीवर असतो," अण्णा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "हात बाळाचा आहे. डावीकडेच वळतो बघ. चाळीच्या गच्चीवर पण डावीकडेच वळायचा. शंभर वेळा सांगितलं."

"त्यांना माहीत आहे, इकडे तुम्ही आहात?"

"विचारलं नाही."

मॅच सुरू झाली. इतकी निरुपद्रवी फुटबॉल मॅच मी जन्मात पाहिली नाही. कांजूर किंग चेंडू घेऊन डावीकडे जायचा, थोडा वेळ फिरवायचा आणि देऊन टाकायचा. मुलुंड मॉन्स्टर थोडा वेळ फिरवायचा आणि परत द्यायचा. गोलच्या दिशेने कुणी फिरकेना.

"गोल कधी करणार, अण्णा?"

"गोल कशाला? चालू ठेवायचं. रेस करायची नाही."

आणि तेवढ्यात टीव्हीतून आवाज यायला लागला. कुर्र... कुर्र... मला वाटलं, आता काय बिघडवलं मी? मग मागे कुकरची शिट्टी झाली, आणि कुणीतरी खोकलं. सगळी दारं उघडली होती. त्यातून कांजूरचं घर आत आलं होतं. तिकडचा माइक चालूच असणार, त्या माणसाला पत्ताही नसणार. अण्णांच्या हातातल्या रिमोटवर मात्र माइकचा नारिंगी दिवा होता. म्हणजे बंद. घरातलं प्रत्येक बटण आठवड्याला दाबणाऱ्या माणसाने ते एक कधीच दाबलेलं नव्हतं.

अण्णा खेळायचे थांबले. मान तिरकी करून ऐकायला लागले. कुर्र... कुर्र... काकू ट्रे घेऊन दारातच उभ्या.

अण्णांनी अंगठा हलवला. नारिंगी दिवा गेला.

"बाळा," ते म्हणाले, "फॅनाक तेल घाल रे मेल्या."

आणि लगेच दिवा परत लावला.

कांजूर किंग मैदानाच्या मधोमध उभा राहिला, चेंडू पायाशी, बराच वेळ. कुर्र... कुर्र... मग ठिपका विझला. अण्णांनी चहा घेतला आणि तो गार आहे, यावर काकूंशी भांडले. मी घरी येऊन गार बोंबील खाल्ले.

पुढच्या रविवारी चार वाजता मी साखर मागायला गेले. माझ्या घरात साखर भरपूर होती. मॅच चालू होती, शून्य-शून्य. टीव्हीतून कुकर ऐकू येत होता, खाली कुठेतरी भाजीवाला ओरडत होता, आणि पंख्याच्या नुसत्या वाऱ्याचा आवाज येत होता. कुरकुर अजिबात नव्हती.

"घातलं की हो तेल," मी हळूच म्हणाले.

"जास्त घातलान," अण्णा म्हणाले. "त्याचा हातच सढळ. आता थेंब पडतील जेवणात."

आणि त्यांनी चेंडू डावीकडे दिला.