‘ठीक आहे’ हे मत नव्हे

कर्णिकताई सर्व्हेला कुणाच्याही घरी गेल्या की आधी भांडण उकरून काढतात. पाणी मागतात, एक घोट घेतात आणि म्हणतात, "गाळून घेत नाही वाटतं?" बरोबरचा माणूस, म्हणजे मी, तिथेच मेल्याहून मेला होतो.

डोंबिवलीतल्या आमच्या छोट्याशा सर्व्हे ऑफिसात मी त्यांचा जोडीदार. ताईंचं ठाम म्हणणं, "‘ठीक आहे’ हे मत नव्हे रे. ती आतून लावलेली कडी. माणूस भांडायला लागला की कडी काढतो."

गेल्या वर्षी आम्हाला कळव्याला पाठवलं. ईशान्येकडच्या दंगलीत घरं जळालेली काही कुटुंबं तिथे एका हॉलमध्ये राहत होती. हॉल खाली करायचा होता. त्यांना सांभाळणाऱ्या संस्थेने लांब खडवलीला खोल्या पाहिल्या होत्या, आणि तिकडे जायला तयार आहात का, एवढंच आम्ही विचारायचं. बायकांना ठाण्यात कामं लागलेली, पोरं कळव्याच्या शाळेत रुळलेली. तरी ज्याला विचारावं तो मान खाली घालून म्हणे, "ठीक है." घर सुटल्यापासून जो कुणी कागद घेऊन आला त्याला त्यांनी हेच सांगितलेलं. मीही ‘तयार’वर टिक मारत सुटलेलो. असंच चाललं असतं तर सगळ्यांची रवानगी खडवलीला ठरलेलीच होती.

ताई थेट स्टोव्हपाशी गेल्या. तिथे इबेमा नावाची वयस्क बाई सुकी मासळी भाजत होती.

"भाजतेयस की जाळतेयस?" ताईंनी तिच्या हातातला चिमटाच घेतला. "हम सीकेपी लोग हैं. सुकी मच्छी हमको मत सिखाओ."

इबेमा कसनुसं हसली. "ठीक है."

"ठीक काय? करपलंय ते."

आता मात्र इबेमाने चिमटा हिसकावला. "हमारे घर में ऐसे ही बनता है. पहले खाओ, फिर बोलो."

ताईंनी खाल्लं. मिरचीने नाकाडोळ्यांतून पाणी, तरी ताई म्हणतात, "मीठ कमी." झालं. हॉलमधल्या सगळ्या बायका उठून आल्या. कुणी म्हणे मीठ बरोबर आहे, कुणी म्हणे इथली मासळीच वाईट. गलका रंगात आल्यावर ताईंनी मला खूण केली.

"विचार आता. छापलाय तसाच विचार, एक शब्द इकडचा तिकडे नको."

मी विचारलं.

"नहीं जाना," इबेमा म्हणाली. "एक बार घर छूटा, बस हुआ."

मागून अख्खा हॉल तेच म्हणाला. मी सगळे टिक खोडले. संस्थेला कळव्यातच खोल्या शोधाव्या लागल्या, आणि शोधल्यावर मिळाल्याही. ताई ऑफिसात आठवडाभर गड जिंकल्यासारख्या वावरत होत्या.

परवा रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. घरात त्या एकट्याच. सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, खिचडी वाढली.

"कशी झालीये?"

"छान," मी म्हणालो. आणि खरंच छान होती.

"हो ना," त्या म्हणाल्या. "हे होते तोवर रोज काहीतरी कमी असायचं. हे गेल्यापासून माझ्या हातचं सगळं छानच होतंय."

मी पान पुढे करून आणखी थोडी मागितली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात इबेमा. दर रविवारी येते म्हणे. हात धुऊन पानावर बसली, एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मिर्ची किधर है? ये तो बीमार का खाना."

ताईंचा चेहरा असा खुलला की विचारू नका. त्यांनी पदर खोचला. "तुझ्या जिभेलाच चव नाही, बये," म्हणाल्या, आणि पातेल्यातले सोडे वेचून वेचून तिच्या पानात वाढायला लागल्या.