सांध्यांची वाटणी

आजार माणसाला एकट्यालाच होतो. त्याचं निदान करणं ही मात्र सार्वजनिक जबाबदारी आहे आणि सुदैवाने ती कोणी टाळत नाही. कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांच्या बोटांचे, मनगटांचे आणि गुडघ्यांचे सांधे पाठोपाठ सुजले, तेव्हा नातेवाईक न बोलावता जमले ते याच भावनेने.

दुकानात मशीनवर बसायला कारागीर होते, पण कापड बेतायचं ते मास्तरांनीच. आता कात्री हातात धरवेना. हात गेला तर आपण दुकानात नुसते शोभेला बसणार, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. (हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मधे बोलायला जागाच मिळाली नाही.)

अडचण एवढीच की सांधे अनेक आणि त्यांची कारणं त्याहून अनेक. प्रकरण हमरीतुमरीवर येऊ लागलं, तेव्हा थोरल्या वहिनींनी तोडगा काढला: सांधे वाटून घ्यावेत. त्यानुसार गुडघे मेहुण्यांकडे गेले (कारण: जिना), मनगटं वहिनींकडे (कारण: आंबट खाणं), उजव्या हाताची बोटं मामांकडे (कारण: कात्रीचं गार लोखंड) आणि डाव्या हाताची बायकोकडे (कारण: मास्तरांचा स्वभाव). डाव्या हाताने जन्मात कात्री धरली नव्हती, तरी तो उजव्याइतकाच सुजला होता. पण दुसऱ्याच्या हद्दीत डोकावायचं नाही असं ठरल्यामुळे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मग गुडघ्यांना शेक, मनगटांना लेप, उजव्या बोटांना तेल आणि डाव्यांना उपदेश सुरू झाला. मेहुण्यांच्या हिशेबी गुडघे चार आणे सुधारले, तर मामांची बोटं चांगली दहा आणे. हे आकडे मास्तरांना विचारून काढायची पद्धत नव्हती.

एका सकाळी मास्तरांना स्वतःच्या सदऱ्याचं बटण लागेना. साऱ्या गल्लीचे सदरे शिवलेला माणूस, पलंगावर बसून रडला. बायकोने गुपचूप बटणं लावली आणि म्हणाली, "चला, डॉक्टरकडे."

बरोबर सगळे निघाले, कारण प्रत्येक सांध्याची बाजू मांडायला कोणीतरी हवंच. सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात, असं डॉक्टरीणबाईंनी विचारताच चौघांनी उत्तरं दिली.

"मी यांना विचारलं," त्या म्हणाल्या.

"दुपार होईपर्यंत," मास्तर चाचरत म्हणाले. "आणि दोन्ही हात सारखेच."

बाईंनी एकेक सांधा दाबून पाहिला, रक्त तपासायला पाठवलं. निष्कर्ष निघाला: आजार एकच. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच चुकून आपल्याच सांध्यांवर तुटून पडली होती. औषधाने ती आवरेल, फक्त यायला उशीर केलात.

सगळ्यांचं कारण एकच निघावं, हा वाटेकऱ्यांना सरळसरळ अपमान वाटला. शिवाय राखणारेच छळतात हे तर मुळीच पटेना. मायेचं कोणी असं कधी वागतं का?

औषधं लागू पडली. मास्तरांनी पुन्हा कापड बेतलं आणि त्या आनंदात दिवसभर शीळ घातली. श्रेय ज्याने त्याने आपापल्या सांध्यापुरतं घेतलं.

आणि वाचकहो, हे युरिक ॲसिडच असणार, आमच्या आत्याला अगदी अस्संच झालं होतं, असं तुम्ही मघापासून मनाशी म्हणताय ते कळतंय. संकोच कसला? मास्तर दुकानातच असतात, आणि उजवा घोटा अजून कोणी घेतलेला नाही.