कसाला लावलेला क्रँकसेट

अलॉयचा घ्यावा की कार्बनचा, हे प्रज्ञा तायडेचं तीन आठवडे ठरत नव्हतं. धुळ्याच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची आणि रविवारी शर्यतीची सायकल चालवायची. त्या सायकलीचा क्रँकसेट, म्हणजे पेडलं बसतात त्या दोन दांड्या आणि उजव्या दांडीवरचं दातेरी चक्र, पार झिजला होता. प्रज्ञाने आलेखाच्या कागदावर दोन रकाने केले. अलॉय आठशे वीस ग्रॅम, आपटला तरी टिकतो. कार्बन सहाशे चाळीस ग्रॅम, ताठ, पण चरा पडला की भरवसा नाही. कंपनी एक, दांड्या जोडणारा आस दोन्हींचा चोवीस मिलिमीटर.

सासूबाईंनी, कलाबाईंनी, दोन्हींचे फोटो चष्मा वर-खाली करून पाहिले. "दोन्ही काळाच शेतस. इतला काय इचार करी ऱ्हायनी?"

विचार करण्यासारखं होतंच. येत्या रविवारी धुळे-जळगाव-धुळे अशी क्लबची फेरी होती. सकाळी सहाला सुटायचं, संध्याकाळी साडेसातच्या आत परतायचं. मागच्या वर्षी प्रज्ञा सहा मिनिटं उशिरा पोचली होती. ती आली तेव्हा टेबल आवरलेलं होतं, पदकं पुन्हा खोक्यात गेली होती आणि क्लबचा जीवन, ज्याच्या सायकलीवर पाण्याच्या बाटलीची जाळीसुद्धा कार्बनची असे, म्हणाला होता, "ताई, पुढच्या वर्षी बघू." ते पुढचं वर्ष आता दोन दिवसांवर आलं होतं.

शुक्रवारी दुपारी ती सायकल बसच्या टपावर टाकून जळगावला प्रेमचंद शेठच्या दुकानात पोचली. शेठच्या तीन पिढ्या सायकली विकत होत्या, तरी घराणं मूळ सराफाचं. पुतण्या रोनकची पेढी अजून शेजारीच होती. शेठने प्रज्ञासाठी दोन्ही क्रँकसेट मुंबईहून मागवून घेतले होते, एकेकच.

"बसा मॅडम. ठरलं का?"

"कार्बनचा," प्रज्ञा म्हणाली. बसमध्ये पारोळ्याच्या आसपास तिचं ठरलं होतं. "एकशे ऐंशी ग्रॅम वाचतात."

"अठरा तोळे!" शेठने गालावर हात मारला. "अठरा तोळ्यांत आमच्याकडे एक लग्न होतं. पण एक सांगा, हा वजनाला कमी आणि भावाला जास्त, असं कसं? आमच्यात तर उलटं असतं."

"हलका आहे म्हणूनच महाग, शेठ."

"मलाही तिथंच शंका आली," शेठ समाधानाने म्हणाले. "म्हणून म्हटलं, मॅडमच्या हातात न तपासता माल द्यायचा नाही. घराण्याची रीत आहे. ए रोनक, आण रे!"

रोनक मखमलीच्या ताटात क्रँकसेट घेऊन आला. चेहरा वाईट बातमी आणल्यासारखा होता.

"काकाजी, माल खोटा आहे. कसाला लावला, काहीच उठलं नाही."

प्रज्ञाला क्षणभर कळेना. मग तिने ताटातली डावी दांडी उचलली. दांडीच्या पाठीवर कानशीने घासून चांगली बोटभर खाच पाडली होती. चकचकीत थराखालचे धागे उघडे पडून केसांसारखे उभे राहिले होते.

"तुम्ही हा... कसोटीच्या दगडावर घासला?"

"आधी कानस, मग दगड. एक रेघ दिसली नाही."

"अहो, दगड काळा आणि हाही काळा! कशी दिसणार?"

रोनकने तिच्याकडे, मग ताटाकडे पाहिलं. हा मुद्दा पेढीत कुणाच्या लक्षात आलेला दिसत नव्हता. "तेजाबाचा थेंबही टाकला होता," तो हळूच म्हणाला.

प्रज्ञाने दांडी परत ताटात ठेवली. अशी खाच पडलेल्या दांडीवर दोनशे किलोमीटर जोर द्यायचा म्हणजे एरंडोलच्या पुढे कधीतरी ती मोडणार आणि प्रज्ञा रस्त्यावर. तिने खोल श्वास घेतला. "ठीक आहे. अलॉयचा द्या."

काका-पुतण्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"त्याचा टंच काढला," शेठ म्हणाले.

"म्हणजे?"

"बारीक तुकडा काढून वितळवला. मॅडम, त्यात भेसळ आहे."

"शेठ, अलॉय म्हणजे भेसळच असते! मुद्दाम करतात!"

आता हादरायची पाळी शेठची होती. "तुम्हाला माहीत होतं? आणि तरी घेत होतात?"

"तुकडा कुठून काढलात?"

"चक्राचा एक दात कापला," रोनक म्हणाला. "एवढे दात आहेत, एक गेला तर काय कळणार?"

शेठने चहा मागवला, तो आला, त्यावर साय धरली. दुसरा माल मुंबईहून यायला चार दिवस लागणार होते. प्रज्ञा दोन्ही सेट काउंटरवर मांडून बघत बसली. कार्बनची डावी दांडी गेली होती, उजवी शाबूत. अलॉयचं उजवीकडचं चक्र गेलं होतं, डावी दांडी शाबूत. तिने पर्समधून आलेखाचा कागद काढला, आसाचं माप पुन्हा वाचलं आणि तीन आठवड्यांच्या अभ्यासाला काळिमा फासत म्हणाली, "उजवा हा आणि डावा तो. बसवा."

"मॅडम, बेजोड होईल," शेठ कळवळून म्हणाले. "एका कानात एक डूल, दुसऱ्यात दुसरा?"

"बसवा!"

रविवारी तिने कुणाला सायकलीजवळ येऊ दिलं नाही. जळगावहून परतताना वारा समोरून होता. पेडलच्या प्रत्येक फेऱ्यात तिला वाटायचं, आता डावीकडे काहीतरी तुटणार. मग वाटायचं, उजवीकडे. या भीतीने ती कुठे थांबलीच नाही, आणि सात वाजून एकोणीस मिनिटांनी धुळ्यात टेबलासमोर उतरली. पदक गळ्यात पडलं तेव्हा जीवन मात्र तिच्या सायकलीपाशी उकिडवा बसला होता. त्याने एक दांडी नखाने वाजवली, मग दुसरी. त्याचा चेहरा उतरला.

"ताई, दोन्ही बाजूंना वेगळं? हे कुणी सांगितलं?"

प्रज्ञाला दम लागला होता. ती नुसती हसली.

मंगळवारी तासाला जाताना शेठचा फोन आला. आवाज आनंदाने फुलला होता.

"मॅडम, तुमच्या क्लबच्या जीवनभाऊंना हुबेहूब तुमच्यासारखा पाहिजे. उजवा कार्बन, डावा अलॉय. दोन नवे सेट मागवलेत त्यांच्यासाठी, गुरुवारी येतील."

"अहो, मग त्यांना फक्त एकेक बाजू—"

"काळजी नको, सगळी कृती लक्षात आहे. माल आला की रोनक लगेच कानस मारायला घेईल."