सारणातली नासपती

माणसाने हंगामात जे पिकते तेच खावे, हे आरोग्याचे मूलतत्त्व आहे. ते कुठे पिकावे, याबाबत मात्र शास्त्राने मौन बाळगले आहे. म्हणूनच २००६ सालच्या श्रावणात, कोळवण खोऱ्यात चहूकडे भाताची खाचरे हिरवीगार असताना, तिथल्या ‘शिवारसुख’ या फार्महाउसांच्या वसाहतीत नासपती आणि अननसाचा हंगाम सुरू झाला. नासपती हिमाचलातून आली, अननस केरळातून आला, मार्केट यार्डात दोघांची गाठ पडली आणि सुनीतीबाईंच्या गाडीतून ते कोळवणला आले. (दोन्ही ताजे असल्याचे फळवाल्याने तोंडी प्रमाणित केले होते.)

सुनीतीबाईंनी दोन्हींचे सासव केले. आंबट अननस, गोड नासपती, गूळ, खोबरे आणि वर नाकात जाणारी फेसलेली मोहरी. त्यांचे यजमान दयानंदराव, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पहिल्या घासाला डोळे मिटून बसले. मग ‘कसं झालंय?’ या प्रश्नाला संसारभर जे उत्तर दिले होते तेच त्यांनी दिले.

“छान झालंय.”

सुसंस्कृत घरात छान झालेला पदार्थ पुन्हा वाढला जातो, पुन्हा केला जातो आणि डब्यात भरून शेजारी पाठवला जातो. शेजारी म्हणजे माणच्या आयटी कंपनीत जाणारा कौस्तुभ आणि त्याची बायको किमया. आलेला डबा रिकामा परत करत नाहीत, ही आपली थोर परंपरा. काकूंना ही फळे आवडतात असे धरून किमयाने डब्यातून नासपती-अननसाचा शिरा पाठवला. त्याची परतफेड कोशिंबिरीने झाली, कोशिंबिरीची मुरांब्याने. पंधरवड्यात सगळी वसाहत हंगामी जेवू लागली. पदार्थ छान म्हणणारे शंभर टक्के भरले. (संपवणाऱ्यांची मोजदाद झालेली नाही.)

दयानंदरावांनी हे सगळे सोसले, कारण त्यांचा डोळा चतुर्थीवर होता. उकडीचा मोदक, आत खोबरे-गुळाचे सारण, वर तुपाची धार. आयुष्यात बढत्या हुकल्या, बदल्या नको तिथे झाल्या. पण त्या एका पानावर बसले की त्यांना कशाचेच वाईट वाटत नसे. हे त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवले नव्हते. सुनीतीबाईंजवळही नाही.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी बाई म्हणाल्या, “यंदा मोदकात नासपती-अननस घालते. तुम्हाला इतकं आवडतं.”

दयानंदराव चपला अडकवून तडक शेजारी गेले. कौस्तुभच्या ओसरीवर तातडीची बैठक भरली. बाईंना खरे काय ते सांगावे, असा ठराव एकमताने झाला. सांगावे कुणी, यावर चर्चा लांबली.

“काका, तुम्ही घरातले.”

“म्हणूनच. तू सांग, तुला काय रोज तिच्या हातचं जेवायचंय?”

तेवढ्यात किमयाने चहाबरोबर नासपतीच्या वड्या आणल्या. सगळ्यांनी त्या छान असल्याचे सांगितले आणि बैठक तहकूब झाली.

शेवटची आशा होती सुंदरा. मेंढरे राखणाऱ्या धुळाजीची ही बायको सुनीतीबाईंकडे धुण्याभांड्याला येई आणि तोंडावर बोलण्यासाठी अख्ख्या खोऱ्यात प्रसिद्ध होती. दयानंदरावांनी तिला मोरीपाशी गाठले. “सुंदराबाई, बाईंनी तुम्हाला सासव दिलं होतं ना? ते कसं वाटलं, ते त्यांना खरंखुरं सांगा.”

“सांगते की. मला कुनाची भीती हाय?” हात पुसत ती थेट स्वयंपाकघरात गेली. “बाई, खोटं बोलायची मला सवं न्हाई. तुमचं ते आंबूस-ग्वाड मला लई आवडलं. आमचं मालक तर डबा चाटूनपुसून बसलं. अजून हाय का?”

चतुर्थीला मोदक पानात पडला. दयानंदरावांनी तो फोडला, तर तुपाआधी रसच वाहिला. आता मात्र बोलायचेच, असे त्यांनी ठरवले.

“सुनीती, एक खरं सांगू?”

“आधी मी सांगते.” बाई समोर बसल्या. त्यांच्या ताटलीत अर्धा मोदक तसाच होता. “मला हे मेलं आवडत नाही. खोबऱ्याचेच करायचे मनात होते. पण त्या दिवशी सासव खाताना तुम्ही डोळे मिटलेत. मोदकांच्या वेळी मी चुलीशी असते, तुमचं तोंड कधी दिसत नाही. माझ्या हातचं खाऊन तुम्ही असं हरवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हटलं, दरवर्षी करीन. बोला, तुम्ही काय म्हणत होतात?”

दयानंदरावांनी बायकोकडे पाहिले. त्यांना खोबऱ्याचा मोदक हवा होता, फार हवा होता. मग त्यांनी दुसरा घास घेतला आणि नीट, तिला दिसतील असे, डोळे मिटले.

“छान झालेत.”

पानात आणखी दोन पडले.

वाचकांना हसू आले असेल. त्यांनी आपल्या फ्रिजच्या मागच्या कप्प्यात शेजाऱ्यांचा कुठला डबा आहे, तो एकदा पाहावा. बाकी ही गोष्ट कशी झालीय, असे विचारल्यावर तुम्ही काय म्हणणार, हे आम्हाला ठाऊकच आहे. त्या भरवशावरच तर लिहायला घेतली.