अडकलेला हात

माझ्या हातांत दम आहे. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. घरात कुठलंही झाकण उघडेना की बायको ते स्वतः उघडते आणि मला दाखवते.

ही बायको गेल्या वर्षापासून खडक चढायला जाते. दर रविवारी तिची मंडळी गावाबाहेरच्या कड्यावर जातात. तिथे म्हणे एक उभी भेग आहे. वर काही धरायला नाही. हात भेगेत घालायचा, तो आतल्या आत फुगवून अडकवायचा आणि त्यावर शरीर तोलायचं. याला हँड जॅम म्हणतात.

"त्यात काय एवढं? येत्या रविवारी मीही चढतो," मी जेवताना म्हणालो.

"ये की. दोर मी धरते," ती म्हणाली. तिच्या आवाजात इतकी माया होती की मला फार अपमान वाटला.

मी गुपचूप शिकायचं ठरवलं. दुपारी ऑफिसात व्हिडिओ पाहिला. त्याचे दोन भाग होते. हात अडकवायचा कसा, हा पहिला. तो पाहून मला इतका हुरूप आला की दुसरा बघायला मी थांबलोच नाही. तडक रेकॉर्ड रूममध्ये गेलो.

तिथे दोन लोखंडी कपाटांमध्ये अगदी तळहात जाईल एवढी फट होती. मी बोटं सरळ ठेवून हात उभा आत घातला. अंगठा तळव्याखाली दुमडला. हात पुरीसारखा फुगला, दोन्ही पत्र्यांना घट्ट बसला. मी ओढून पाहिलं. हलेना. लटकून पाहिलं. तरी हलेना. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मग हात काढायला गेलो, तर तेव्हाही हलेना.

तुम्हाला कल्पना नसेल, पण घाबरलेला माणूस मूठ आवळतो. मी जितका ओढायचो तितका हात जाडा होत होता.

एवढ्यात दार उघडलं आणि दोन हमाल आत आले. मागे आमचे साहेब.

इथे थोडं सांगायला हवं. ही रेकॉर्ड रूम म्हणजे आमच्या ऑफिसातली एकुलती एक खिडकीवाली खोली. सगळे तिथेच डबा खायचे. साहेबांनी ती स्वतःच्या केबिनसाठी घ्यायचं ठरवलं होतं. महिनाभर आम्ही सगळे चिडलो होतो, जोरजोरात आणि साहेब ऐकणार नाहीत अशा ठिकाणी. त्या दुपारी कपाटं हलणार होती, हे मी भेगेच्या नादात साफ विसरलो होतो.

"जरा बाजूला व्हा," साहेब म्हणाले.

"जमणार नाही, साहेब," मी म्हणालो. शब्दशः खरं होतं ते.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"म्हणजे मी इथून हलू शकत नाही."

दारात आमचा 'वकील' उभा होता. कायद्याशी त्याचा काही संबंध नाही. लिफ्ट उशिरा आली तर तो लिफ्टशीही वाद घालतो, म्हणून हे नाव. त्याने माझ्याकडे पाहिलं, कपाटांकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"अरे, या सगळे," त्याने बाहेर हाक दिली. "कपाट धरून उभा राहिलाय आपला माणूस."

पाच मिनिटांत अख्खं ऑफिस आत. कोणी जमिनीवर बसलं, कोणी डबे उघडले. आवक-जावकच्या बाईंनी मला स्वतःच्या हाताने पाणी पाजलं. सोळा वर्षांच्या नोकरीत त्या माझ्याशी प्रथमच बोलत होत्या. आता अशा वेळी 'माझा हात अडकलाय' हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

"तुमची अडचण तरी स्पष्ट सांगा," साहेब म्हणाले.

"अडचण आत आहे, साहेब."

"मनात ठेवू नका. बोला."

"ऐकलंत?" वकील गहिवरून म्हणाला. "किती दिवस आत दाबून ठेवलं असेल यांनी!"

तासाभराने माझा अंगठा मेला. निदान मला तसं वाटलं. घाम फुटलेला पाहून बाईंनी माझ्या बायकोला फोन केला. ती आली. गर्दीतून वाट काढत जवळ आली, वाकून फटीत पाहिलं आणि कितीतरी वेळ वाकूनच राहिली. तिचे खांदे हलत होते.

"रडू नका वहिनी," वकील म्हणाला.

"अहो, बरं वाटतंय ना?" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग माझ्या कानाशी आली. "अंगठा सरळ कर, गाढवा."

"तो माझं ऐकत नाहीये," मी पुटपुटलो.

"ओढू नकोस. आधी आत ढकल, हात सैल सोड. श्वास घे."

मी श्वास घेतला. तिकडे साहेबांनीही एक मोठा श्वास घेतला. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, जमिनीवर पसरलेल्या डब्यांकडे पाहिलं. "मला कल्पना नव्हती, की या खोलीत तुमचा इतका जीव गुंतलाय," ते म्हणाले. "राहू द्या कपाटं. मी आहे तिथे बरा आहे."

नेमका त्याच क्षणी माझा हात लोण्यातून सुरी निघावी तसा बाहेर आला. मी तो वर धरला, फक्त रक्त उतरावं म्हणून. टाळ्यांनी खोली दणाणली.

रविवारी कड्याखाली पोचलो तर अख्खं ऑफिस हजर. वकिलाने सगळ्यांना गोळा केलं होतं. बायकोने मला दोर बांधला. मी हात भेगेत घातला, अंगठा दुमडला, जोर दिला आणि साबणाच्या वडीसारखा घसरून खाली आलो. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. तिसऱ्यांदा कसाबसा जमिनीपासून कमरेइतका वर पोचलो आणि तिथेच थांबलो.

"वर बघ, पायही भेगेत घालून फिरव, म्हणजे तो अडकेल," बायको खालून म्हणाली.

मी खाली बघितलं आणि हळूच उतरलो.

मग वकिलाने पुढे होऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघितलंत?" तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. "आपल्याला खाली सोडून हा माणूस एकटा वर जाणार नाही."

मी मान डोलावली. खरंच नव्हतो जाणार.