मधोमध बसलेला साळिंदर

एका जंगलात, बाळांनो, जमीन फुगायची. आंबवलेल्या पिठासारखी, सगळीकडे अगदी सारखी. प्राणी मात्र आपापल्या जागी घट्ट बसून असत, कारण तिथे मानपान फार. जो आधी उठून दुसऱ्याकडे जाईल, तो हलका ठरे.

दगडोबा साळिंदर आणि पिराजी ससा यांची बिळं शेजारीशेजारी. दगडोबाच्या काट्यांना न भिणारा अख्ख्या जंगलात हा एकटा पिराजी. रोज संध्याकाळी तो हाक मारी, "दगड्या, जेवलास का?" त्याशिवाय दगडोबाला घास गोड लागत नसे.

एकदा दगडोबाला पिराजीचं बीळ जरा लांब वाटलं.

"का रे, दूर चाललास?"

"मी? मी जागचा हललोसुद्धा नाही. तूच सरकतोयस!"

दगडोबाने चौफेर पाहिलं. सगळेच त्याच्यापासून दूर चालले होते. जवळचे हळूहळू, लांबचे भराभर.

"म्हणजे जंगलाच्या मधोमध मीच," तो म्हणाला. "आणि ज्याच्या पोटात जास्त दुखतं, तो जास्त जोरात पळतोय."

घुबडकाकूंनी समजावून पाहिलं. "अरे, कुणीच पळत नाही. सगळ्यांच्या मधली जमीन वाढतेय. कुठेही बसलास तरी असंच दिसणार. तिकडे पिराजीही स्वतःला मधोमधच समजतोय."

"तो? मधोमध?" दगडोबाचे काटे उभे राहिले.

"आज निघालास तर पोचशील. पुढे वाट तुझ्या पायांपेक्षा भरभर वाढेल."

"मग त्यानं यावं की! मधला कधी कडेच्याकडे जातो का?"

पिराजीची हाक येतच राहिली. पण वाटेत ताणली जाऊन ती जाडीभरडी आणि लांबलचक झाली होती.

"बघा, कसा गुरगुरतोय," दगडोबा म्हणाला आणि त्याने ओ दिली नाही.

मग एका संध्याकाळी हाक आलीच नाही. दगडोबाच्या घशाखाली घास उतरेना. मानपान बिळात टाकून तो धावत सुटला. पण तो एक पाऊल टाकी, तोवर वाट दोन पावलं वाढे. शेवटी तो दमून मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला.

थोड्या वेळाने त्याने डोळे पुसून चौफेर पाहिलं. इथूनही सगळे त्याच्यापासूनच दूर चालले होते.

"बघा!" छाती काढून तो म्हणाला. "मी जाईन तिथे मध्य!"

ऐकायला जवळपास कुणी नव्हतं. तो त्या रात्री जेवला नाही, हेही कुणाला कळलं नाही.

तात्पर्य: मित्राकडे आपण होऊन कधीही जाऊ नये. मित्र काय, एकदाच मिळतो. विश्वाचा मध्य बसल्या जागी सगळ्यांना फुकट मिळतो.