पोस्टमनकाकांच्या पेशी

पोस्टमनकाका साडेपाचला उठले आणि उठल्या उठल्या पुन्हा आडवे झाले. आज श्रम करायचे नव्हते.

निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी गल्लीला ते पोस्टमनकाकाच. छत्तीस वर्षं त्यांनी सायकलवरून पत्रं वाटली. पत्रं संपली, पण फेरी काही संपली नाही. रोज पहाटे बारा किलोमीटर, रिकामी पिशवी खांद्याला, जुनी सगळी दारं डोळ्यांनी वाजवत जायचं आणि ऊन अंगणात यायच्या आत परतायचं. गेल्या महिन्यात वळणावर पडले, कोपर सोललं आणि मुलगा म्हणाला, "बास झालं, बाबा. सायकल विकायची."

घरात बोलाचाली झाली, अबोला झाला, आणि तेवढ्यात प्रयोगशाळेचं पत्र आलं. वर्षानुवर्षं व्यायाम केलेली म्हातारी माणसं त्यांना हवी होती. प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या टोकाला म्हणे एक टोपण असतं, बुटाच्या नाडीला असतं तसं. वय वाढतं तसं ते झिजतं. व्यायामाने ते जरा सावकाश झिजतं का, हे रक्त तपासून बघायचं होतं.

"पेशी तरुण निघाल्या तर सायकल राहील," मुलगा म्हणाला. "नाही निघाल्या तर रविवारी गिऱ्हाईक बघतो."

"कबूल," काका म्हणाले.

पत्राच्या तळाशी एक ओळ होती : नमुना देण्याआधी चोवीस तास कोणतेही शारीरिक श्रम करू नयेत. दुसऱ्या कुणी ती वाचून सोडून दिली असती. पण काकांनी आयुष्यात एका पाकिटावरचं अक्षर मनाने बदललं नव्हतं.

"चहा ढवळणं श्रमात येतं का?" त्यांनी विचारलं.

बायकोने मुकाट्याने ढवळून दिला. मग वर्तमानपत्राची पानं उलटून दिली, खिडकी उघडून दिली, मोजे चढवून दिले. रागावली की तिच्या बोलण्यात यमक यायचं. दुपारपर्यंत ते आलंच :

"हात नाही हलवायचा, पाय नाही हलवायचा,
तोंडाचा पट्टा तेवढा दिवसभर चालवायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई गाडी घेऊन आला, मुलगाही बरोबर निघाला. काकांना दारातून गाडीत आणि गाडीतून दारात, नव्या नवरीसारखं उतरवलं. प्रयोगशाळा पाचव्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद.

काका पहिल्या पायरीपाशी थांबले. "जमणार नाही. नमुना बिघडेल."

"बाबा, रोज बारा किलोमीटर जाता."

"रोज जातो. आज लेखी मनाई आहे."

मुलाने कपाळाला हात लावला. तो नकाशे काढायचा, दिवसभर खुर्चीत बसून. डोंगर चढायचा तो कागदावर. पण त्यालाही नमुना चोख हवा होता. उद्या निकाल उलटा लागला तर बाबा म्हणणार, जिन्याने घात केला. त्याने पहारेकऱ्याची खुर्ची मागून घेतली. "जावईबापू, मागून धरा."

पहिला मजला हसत गेला. दुसऱ्यावर जावयाचा शर्ट पॅन्टच्या बाहेर आला. तिसऱ्यावर मुलाचा चष्मा घसरला आणि तो वर करायला हात मोकळा नव्हता. काकांनीही केला नाही; श्रम.

"श्वास नाकाने घे रे," ते वरून म्हणाले. "आणि जावईबापू, गुडघ्यात वाका. कमरेत नको."

"मामा," जावई म्हणाला, "तुम्ही बोलूसुद्धा नका. बोललात की जड होता."

पाचव्या मजल्यावर संशोधक बाईंनी दार उघडलं. खुर्चीत एक टवटवीत म्हातारा बसला होता आणि खाली दोन माणसं पसरली होती.

"पेशंट कोण?" बाईंनी विचारलं.

"तसा मी," काका म्हणाले. "पण आधी यांना बघा."

जावयाला पाणी दिलं. मुलाची नाडी बघता बघता बाईंच्या भुवया वर गेल्या.

"व्यायाम करता?"

"सुरू करायचाय."

"कधीपासून?"

"पंधरा वर्षं झाली."

बाईंचा चेहरा उजळला. व्यायाम केलेली माणसं मिळत होती, न केलेली कबूल होत नव्हती. त्यात बापलेकांची जोडी तर दुर्मीळच. त्यांनी त्याच आनंदात मुलाचीही बाही वर केली. सुई काढल्यावर काकांनी लेखी मनाईबद्दल विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, ते आदल्या दिवशी उगीच जास्तीचं काही करू नये म्हणून. जिना चालला असता."

जावयाने डोळे मिटून घेतले.

सहा आठवड्यांनी निकाल आला. शहात्तर वर्षांच्या काकांच्या पेशी एकसष्ट वर्षांच्या. त्रेचाळीस वर्षांच्या मुलाच्या अठ्ठावन्न. बाईंनी फोनवर परोपरीने सांगितलं की माणसं थोडी आहेत, सायकलीनेच झालं असं आत्ताच म्हणता येणार नाही. पण घरात कोण ऐकतंय? काका अंगणभर फिरत होते. "म्हणजे हा माझ्याहून तीनच वर्षांनी धाकटा. आजपासून याने मला दादा म्हणावं."

 मुलगा रात्री थोडंच जेवला.

सकाळी काका पिशवी अडकवून बाहेर आले, तर भिंतीशी सायकल नव्हती.  आत येऊन त्यांनी विचारलं, "विकली?"

"फाटकात जाऊन बघा," बायको म्हणाली.

आयुष्यभर लोकांनी दारात उभं राहून त्यांची वाट पाहिली होती. आज ते उभे होते, मान लांब करून. बऱ्याच वेळाने वळणावरून सायकल आली, कधी या कडेला, कधी त्या कडेला. मुलगा घामाने निथळत होता, चेहरा लालबुंद, आणि डोळ्यांत सात वर्षांच्या पोराचा आनंद.

काकांनी हात पुढे केला. "दे. माझी वेळ झाली."

"थांबा ना बाबा. अजून एक फेरी."

त्याने पायडल मारलं, सायकल डगमगली. काकांनी पिशवी फाटकाला टांगली, मागचं कॅरिअर पकडलं आणि धावू लागले.

"पुढे बघ. हँडल सरळ धर."

"सोडू नका हं."

काकांनी केव्हाच सोडलं होतं. पण ते तसेच पाठोपाठ धावत राहिले.